पिल्लाला दमवू नका, हुंगू द्या

मा. संपादक,

स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत घरी कुत्र्याचं पिल्लू आणणाऱ्यांसाठी काही सूचना छापून आल्या होत्या. त्यातल्या एका सूचनेशी मी अडलो. 'पिल्लू घरात उच्छाद मांडत असेल तर त्याला रोज भरपूर पळवा, दमलं की आपोआप शांत होतं,' असं तिथं म्हटलं होतं. लिहिणाऱ्याचा हेतू चांगलाच असणार. पण हीच चूक मी स्वतः दीड महिना केली आणि तिचा भुर्दंड एका मुक्या जिवाला पडला. म्हणून हे पत्र. जरा लांबलं आहे, पण शक्य झाल्यास काटछाट न करता छापावं, ही विनंती.

मी जिल्हा परिषदेच्या पशुवैद्यकीय दवाखान्यांत ३३ वर्षं पशुधन पर्यवेक्षक होतो, त्यातली बरीचशी माण आणि खटाव तालुक्यांत. लाळ-खुरकुताच्या लसी, घटसर्प, फऱ्या, कृत्रिम रेतन, अडलेल्या गाई यांतच हयात गेली. कुत्री आमच्याकडे यायची ती गाडीखाली सापडून, नाहीतर पिसाळल्याच्या संशयानं दोरीत अडकवून. कुत्रं म्हणजे दारात बांधलेलं, शिळी भाकरी खाणारं आणि रात्री भुंकणारं जनावर. त्यापलीकडे मी कधी विचार केला नव्हता. निवृत्त झाल्यावर मुलाकडे पुण्यात आलो. धायरीत सहाव्या मजल्यावर घर आहे. गेल्या वर्षी आषाढात नात शाळेतून येताना एका स्कूटरखाली भिजत बसलेलं पिल्लू उचलून वर घेऊन आली. तांबूस रंग, पोटावर जिरे सांडल्यासारखे काळे ठिपके. मादी. तोंड उघडून पाहिलं, दुधाचे २८ दात पूर्ण आलेले, म्हणजे दोन महिन्यांची तरी असणार. नातीनं नाव ठेवलं जिरी.

पहिले आठ-दहा दिवस कौतुकात गेले. मग संध्याकाळचा धिंगाणा सुरू झाला. दिवेलागणीला तिच्या अंगात काय संचारायचं कोण जाणे. सोफ्यावरून दिवाणावर, दिवाणावरून खाली, पडद्याला लोंबकळ, माझ्या पायजम्याचं टोक तोंडात धरून मागे ओढ, नातीच्या पोटरीला चाव. दुधाचे दात सुईसारखे असतात. पोरीच्या पायांवर लाल रेघा उठायच्या. सून म्हणाली, "बाबा, हिला दिवसभर काही काम नाही, म्हणून ही असं करते. जरा दमवा तिला." मलाही पटलं. बैल दोन तास औताला चालला की गोठ्यात येऊन गुमान रवंथ करत बसतो, हे जन्मभर पाहिलेलं.

लसी पूर्ण व्हायच्या होत्या, त्यामुळे रस्त्यावर सोडता येत नव्हतं. पार्व्हो विषाणूची रक्ती हगवण लागून दोन दिवसांत गेलेली पिल्लं मी पाहिली आहेत. म्हणून तिला गच्चीवर नेऊ लागलो. टेनिसचा जुना चेंडू मी फेकायचा आणि तिनं आणायचा. आधी वीस मिनिटं, मग अर्धा तास, मग पाऊण तास. खाली आणलं की धापा टाकत दहा मिनिटं फरशीवर पडायची आणि उठून आधीपेक्षा दुपटीनं चावायची. मला वाटायचं, अजून दमली नाही, उद्या आणखी दहा मिनिटं. एक दिवस गच्चीवरच्या शेवाळावर घसरून तिचा मागचा पाय लचकला. तीन दिवस लंगडत होती. चौथ्या दिवशी चेंडू दिसला तशी ती धावली, आणि मी तो फेकला. ती धावते म्हणजे तिला हवंच आहे, असं मी धरून चाललो होतो.

नोकरीतली सवय अशी की रजिस्टर भरल्याशिवाय मला चैन पडत नाही. नातीच्या जुन्या वहीत मी जिरीच्या नोंदी ठेवत होतो. किती वाजता खाल्लं, किती वेळ झोपली, शी-शू, गच्चीवर किती मिनिटं, किती वेळा चावली. पंधरा दिवसांची पानं एकदा शांतपणे वाचली तेव्हा हिशेब उलटा निघाला. धो धो पाऊस पडून गच्ची बंद राहिली त्या दिवशी जिरी सतरा-अठरा तास झोपलेली, आणि चावल्याच्या नोंदी दोन किंवा तीन. ज्या दिवशी पाऊण तास पळवलं आणि शिवाय घरात पाहुणे होते, त्या दिवशी झोप बारा तासांवर आलेली आणि नोंदी चौदा, सोळा.

माझ्याबरोबर दहिवडीला काम केलेले एक पशुधन विकास अधिकारी, म्हणजे जनावरांचे डॉक्टर, आता साताऱ्याला असतात. त्यांना फोन लावून वही वाचून दाखवली. ते म्हणाले, "आदत वासरू तुम्ही औताला धराल का हो?"

शेतकऱ्याला हे वेगळं सांगावं लागत नाही. वासरू आदत, म्हणजे पक्के दात न आलेलं आहे, दोन दातांचं दुसा आहे की चार दातांचं चौसा, हे तोंड बघून ठरतं आणि मगच मानेवर जू येतं. पिल्लाचंही तसंच आहे. त्याच्या लांब हाडांच्या टोकांजवळ, जिथून हाड वाढतं, तो पट्टा वर्षभर, मोठ्या जातींत दीड वर्षापर्यंत मऊ कूर्चेचाच असतो. चेंडूमागे झेपावणं, करकचून थांबणं, गर्रकन वळणं, उडी मारणं, हे सगळं त्या कोवळ्या टोकांवर येतं. डॉक्टरसाहेबांनी एक ढोबळ अंदाज सांगितला. वयाच्या दर महिन्यामागे पाच मिनिटं चालणं, दिवसातून दोनदा. तीन महिन्यांचं पिल्लू असेल तर पंधरा मिनिटं. हा काही शास्त्रातला नियम नाही, पण आपला हात आवरायला पुरतो. बाकी वेळ पिल्लानं आपल्या मर्जीनं लुटुपुटु खेळावं, थांबावं, आडवं व्हावं. आणि झोपावं. पिल्लाला दिवसाकाठी अठरा-अठरा तास झोप लागते. झोप न झालेलं पोर जसं किरकिर करतं, हातातलं फेकतं, तसं न झोपलेलं पिल्लू चावतं. मी रोज संध्याकाळी त्या किरकिरणाऱ्या पोराला उचलून पळायला नेत होतो.

तेव्हा मला माणमधले मेंढके आठवले. दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणात उतरणारे वाडे, म्हणजे त्यांचे तांडे, मी कितीदा वाटेत पाहिलेत. घोड्याच्या पाठीवर सगळं बिऱ्हाड, त्यातच बांधलेल्या कोंबड्या, चालता न येणारी कोकरं आणि त्यांच्यामध्ये मान बाहेर काढून बसलेलं कुत्र्याचं पिल्लू. मुक्कामाला वाडा पडला की पिल्लू खाली उतरायचं, चुलीच्या दगडाचा, मेंढीच्या खुराचा, ओल्या घोंगडीचा वास घेत फिरायचं, कोकराच्या कुशीत शिरून झोपायचं. त्याला पळवायला कुणाला सवड नव्हती. तरी त्या पिल्लांपैकी कुणी घोंगडी फाडताना मी पाहिलं नाही. तिथं नाकाला दिवसभर काम होतं.

नाकाचं काम म्हणजे काय, हे मला जिरीनं कालव्यावर दाखवलं. लसी झाल्यावर मी तिला सकाळी साडेसहाला मुठा उजव्या कालव्याच्या कडेला नेऊ लागलो. पहिल्या दिवशी ती एका विजेच्या खांबापाशी थांबली. मी दोरी ओढली, ती पुढे आली, पुढच्या गवताच्या पुंजक्याला पुन्हा थांबली. दुसऱ्या दिवशी ठरवलं, ओढायचं नाही. खांबाशी खाली बसलो आणि तिच्या तोंडाकडे पाहत राहिलो. नाकपुडीच्या बाजूला बारीक चीर असते. श्वास आत जातो तो समोरून, बाहेर पडतो तो त्या चिरेतून, म्हणजे आतला वास ढकलला न जाता नवा वास सारखा आत येत राहतो. सेकंदाला चार-पाच हुंगे. खांबाच्या बुडाशी सुरुवात, मग वीतभर वर, मग पलीकडच्या बाजूला. एका जागी ती अडली, जिभेनं ओठ चाटला, पुन्हा तिथंच आली. चार मिनिटं. नंतर सगळं अंग एकदा झडझडून झाडलं आणि सैल शेपटीनं पुढे चालू लागली. माणसाच्या नाकात गंध टिपणाऱ्या पेशी पन्नास-साठ लाख धरतात. कुत्र्याच्या नाकात त्या वीस कोटींच्या पुढे. त्या खांबावर रात्रभरात कोण आलं, नर की मादी, ओळखीचं की परकं, सगळं लिहिलेलं होतं, आणि आदल्या दिवशी मी तिला वाचता वाचता ओढून नेलं होतं.

त्या दिवशी आम्ही वीस मिनिटांत दोनशे पावलंसुद्धा चाललो नसू. घरी येऊन ती पाणी प्यायली आणि साडेतीन तास झोपली. वहीत नोंद आहे.

पुण्यात सकाळी मी बघतो, चांगली शिकलीसवरलेली माणसं कानात यंत्र घालून, हातातली दोरी आखूड धरून, कुत्र्याला आपल्या चालीनं ओढत नेतात. कुत्रं थांबलं की हिसका. त्यांची पावलं मोजून होतात, त्या जनावराचं काय होतं? माझं त्यांना हात जोडून सांगणं आहे, ती वीस मिनिटं त्याला द्या. दोरी लांब घ्या, गळपट्ट्याऐवजी छातीचा पट्टा घ्या, आणि तो जिथं थांबेल तिथं थांबा. उन्हाळ्यात डांबरावर पालथा हात सात सेकंद ठेवून बघा. आपल्याला सोसत नसेल तर त्याचेही तळवे भाजतात. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तळव्यांना तेवढा येतो. बरीचशी उष्णता धापा टाकून, जिभेवाटेच बाहेर जाते. चैत्र-वैशाखात सकाळी अकराला झुबकेदार केसांच्या परदेशी जातीचं कुत्रं फिरायला काढणं हा छळ आहे, मालकाचं त्याच्यावर कितीही प्रेम असो.

पाऊस असला की बाहेर जाणं होत नाही. त्यासाठी आमच्या घरात एक चिंध्यांची चटई आहे. सौ.नं जुन्या सुती लुगड्याच्या वीतभर लांब, दोन बोटं रुंद पट्ट्या फाडल्या. मोरीजवळ घालतात ती भोकाभोकांची रबरी चटई आणली आणि एकेका भोकातून पट्टी ओवून गाठ मारली. दोन दुपारी बसून तिनं ती भरली. वरून बघितलं तर दाट गवतासारखी दिसते. जिरीचं सकाळचं खाणं आता वाडग्यात पडत नाही. दाणे त्या चिंध्यांत पेरतो. वाडग्यातलं खाणं ती दीड मिनिटात संपवायची, चटईवर बारा-तेरा मिनिटं लागतात. नाक खुपसून पट्ट्या बाजूला सारते, फूं करते, एखादा दाणा सापडला की कान हलतात. शेवटचा दाणा खाल्ल्यावरही एकदा सगळी चटई तपासून घेते. अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये दाणे टाकून वर कागदाचे बोळे ठेवले तरी चालतं. पुठ्ठा फाडू द्यावा, गिळत नाही ना एवढं बघावं. फाडणं आणि चावणं ही त्यांची गरज आहे. चार महिन्यांपासून सहा-सात महिन्यांपर्यंत दुधाचे दात पडून ४२ पक्के येतात, हिरड्या शिवशिवतात. सुती फडक्याला गाठी मारून, भिजवून बर्फाच्या कप्प्यात घट्ट करून द्या. बिनमिठाचं ताक वाटीत गोठवून दिलं तर अर्धा तास चाटत बसतात. चाटणं, चावणं आणि हुंगणं, या तीन गोष्टींनी कुत्रं आपलं आपण शांत होतं. हे लक्षात आल्यावर चेंडू माळ्यावर गेला. घरात गुळगुळीत फरशी असेल तर पिल्लाच्या येण्याजाण्याच्या वाटेवर गोणपाट अंथरा, हेही जाता जाता सांगतो. आणि मनुका, बेदाणे, द्राक्षं, चॉकलेट, कांदा त्याच्या तोंडी लागू देऊ नका. शिऱ्याच्या प्रसादातले बेदाणे वेचून मगच आम्ही तिला बोटभर देतो.

पण माझ्या चुकीची एक गोष्ट भरून आली नाही, तीही लिहितो. पिल्लाचे तिसऱ्यापासून साधारण चौदाव्या आठवड्यापर्यंतचे दिवस फार मोलाचे असतात. त्या काळात जे दिसतं, ऐकू येतं, अंगाला लागतं, ते त्याच्या लेखी जगाचा भाग होतं. त्यात जे आलं नाही ते पुढे परकं आणि भीतीचं वाटण्याचा संभव असतो. लसी पूर्ण नसल्या तरी झोळीत घालून, कडेवर घेऊन जग दाखवता येतं. मी ते दिवस गच्चीवर चेंडू फेकण्यात घालवले. जिरी आजही हेल्मेट घातलेला माणूस दारात दिसला की पलंगाखाली जाते. आमच्याकडे गॅस आणून देणारा मुलगा भला आहे, तो हल्ली जिन्यातच हेल्मेट काढून ठेवतो आणि खाली बसून तिच्याकडे न बघता एक दाणा फरशीवर ठेवतो. चार महिन्यांत ती पलंगाच्या कडेपर्यंत आली आहे.

ढोल-ताशाच्या बाबतीत मात्र थोडं साधलं, कारण तोवर साताऱ्याचा फोन होऊन गेला होता. गणपतीआधी नदीपात्रात पथकांचा सराव चालतो तो पुणेकरांना माहीत आहे. मी शबनम पिशवीत जिरीला घेऊन संध्याकाळी लांब उभा राहायचो. किती लांब, तर ढोल ऐकू येतो आणि तिचा कान वळतो, पण ती हातातला उकडलेल्या अंड्याचा तुकडा खाते एवढं लांब. अंडं खायचं थांबली की आपण जास्त जवळ आलो, असं समजून दहा पावलं मागे. रोज पाच-सात मिनिटं. पंधरा दिवसांत आम्ही निम्म्या अंतरावर आलो. बैलाचा डोळा, कान, शेपटी मला वाचता येत होती, कुत्र्याची भाषा मी त्या पंधरा दिवसांत शिकलो. झोप नसताना जांभई, खाणं नसताना नाकावरून फिरणारी जीभ, मान दुसरीकडे वळवणं, डोळ्याच्या कोपऱ्यात दिसणारी पांढरी कोर, पुढचा एक पाय उचलून थांबणं, अंग कोरडं असताना झाडणं. हे सगळं भुंकण्याच्या आणि चावण्याच्या कितीतरी आधी येतं. लहान मुलं कुत्र्याच्या गळ्यात हात टाकून फोटो काढतात तेव्हा त्या फोटोत कुत्र्याचे डोळे आणि जीभ बघा. 'एकदम चावला हो' असं आपण म्हणतो, पण त्यानं आधी चारदा सांगितलेलं असतं.

दिवाळीत आवाज टाळता येत नाही. आपल्याला २० हजार हर्ट्‌झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, कुत्र्याला ४५ हजारांपर्यंत. शिवाय कुठून येतो, कधी थांबेल, हे त्याला कळत नाही. आम्ही मधल्या खोलीत पलंगाखाली गोधडी घालून ठेवली, खिडक्या लावल्या, पंखा आणि रेडिओ चालू ठेवला, उजेड असतानाच फिरवून आणलं. ती स्वतःहून पलंगाखाली गेली, कुणी ओढून काढलं नाही. थरथरायला लागली तेव्हा सौ. तिच्याजवळ जमिनीवर आडवी झाली आणि पाठीवर हात ठेवून राहिली. जवळ घेतलं तर भीती वाढते, त्याकडे दुर्लक्ष करावं, असं अनेक जण सांगतात. ते खरं नाही. भीती हे काही शिकवलेलं वागणं नाही की लाड केल्यानं पक्कं होईल. दुसरी एक गोष्ट माझ्या कामाच्या अनुभवावरून सांगतो. दुकानातून आणलेली झोपेची गोळी, किंवा कुणी सांगितलेलं गुंगीचं औषध, आपल्या मनानं देऊ नका. काही औषधांनी जनावर नुसतं हलायचं थांबतं, आतली भीती जशीच्या तशी राहते. बघणाऱ्याला वाटतं, शांत झालं. भीतीवरची वेगळी औषधं असतात, ती पशुवैद्यकाकडून आधीच ठरवून घ्यावीत.

आता मार्गशीर्षातली गोष्ट. कराडला नात्यातलं लग्न होतं. जिरी तेव्हा सात महिन्यांची. 'गॅलरीत हवा आहे, पाणी ठेवलंय, काय होतंय,' म्हणत आम्ही सगळे सकाळी नऊला निघालो ते संध्याकाळी सातला परतलो. दारावर रक्ताचे डाग होते. जाळीच्या दारातून नाक घालण्याचा प्रयत्न करून नाकाचं कातडं सोललं होतं. पुढचा डावा पाय चाटून चाटून रुपयाएवढी जागा लाल झालेली. शेजारच्या ताईंनी सोसायटीकडे तक्रार दिली होती की कुत्रं दिवसभर रडत होतं. तक्रार बरोबर होती. मी बाकीच्यांसारखाच तिला शिक्षा झाल्यासारखं त्या सिमेंटच्या पट्टीत ठेवून गेलो होतो.

त्यानंतर एकटं राहायला शिकवायला दोन महिने लागले. किल्ल्यांचा आवाज झाला की ती धापा टाकायची, म्हणून मी दिवसातून वीसदा किल्ल्या उचलायचो आणि परत खुर्चीवर बसायचो. आठवड्यानं किल्ल्या वाजल्या तरी ती मान उचलेनाशी झाली. मग दाराबाहेर दहा सेकंद. मग अर्धा मिनिट. मग जिना उतरून परत. मग कोपऱ्यावरच्या वाण्याकडून काडेपेटी. आता अडीच तास राहते, चिंध्यांच्या चटईवर खाते आणि झोपते. त्याहून जास्त वेळ घर रिकामं राहणार असेल तर आमच्यापैकी एक जण मागे राहतो. कुत्रं आणण्याआधी घरातल्यांनी हे एकदा बोलून घ्यावं. सकाळी नऊ ते संध्याकाळी सात घराला कुलूप असेल तर पिल्लू आणू नये, एवढं माझं स्पष्ट मत झालं आहे.

कालव्याच्या आमच्या वाटेवर एक बंगला आहे. आवारात एक कुत्रा साखळीला असतो. साखळी चार हात असेल. खुंटाभोवती तेवढ्या त्रिज्येचं बरोबर गोल अंगण झालं आहे, त्यात गवताची काडी नाही, आणि गोलाच्या कडेला पंजांनी खोलगट चर पडला आहे. गोलाबाहेर हिरवंगार लॉन. कुत्रा त्या चरातून फिरत असतो, डावीकडून उजवीकडे, परत डावीकडे. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला माझे ३३ वर्षांतले सगळे दारात बांधलेले कुत्रे आठवले. त्यांच्याही खुंटाभोवती असंच असायचं, मी लसीची पेटी घेऊन त्यांच्यासमोरून जात होतो.

प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा. त्यासाठी राज्यसभेत पहिलं विधेयक रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी मांडलं होतं. त्या कायद्याच्या कलम ११ मध्ये, जनावराला अवाजवी आखूड किंवा जड साखळीनं अवाजवी वेळ बांधून ठेवणं हा गुन्हा आहे. त्याच कलमात पुढे खास कुत्र्याचं नाव घेऊन म्हटलं आहे की नेहमी बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसा व्यायाम न देणं हाही मालकाचा गुन्हा आहे. दंड मात्र पहिल्या वेळी १० ते ५० रुपये. तो वाढवावा अशी मागणी कितीतरी वर्षं चालू आहे, आणि ती रास्त आहे. मी त्या बंगल्याच्या मालकांना भेटून हे कलम वाचून दाखवलं. त्यांनी चहा दिला, ऐकून घेतलं, कबूल काही केलं नाही. पण त्यांचा रखवालदार बीडकडचा आहे, त्याच्या घरी बैल आहेत. मालक गावाला गेले की तो कुत्र्याला संध्याकाळी कालव्यावर आणतो. पहिल्या दिवशी तो कुत्रा चालायचा थांबून सारखा गोल फिरत होता.

दोन मागण्या करून पत्र संपवतो. पहिली महापालिकेकडे. बागांच्या फाटकावर 'कुत्र्यांना आणू नये' ही पाटी असते. मुलं, म्हातारी माणसं आणि कुत्र्याची भीती वाटणारे यांचा हक्क मला मान्य आहे. पण एवढ्या मोठ्या शहरात प्रत्येक प्रभागात मातीची आणि गवताची एक जागा, पहाटे तासभर का होईना, दोरीला धरलेल्या कुत्र्यांसाठी राखता येईल. घाण उचलली नाही तर जबर दंड करा, आम्ही भरू. दुसरी गृहनिर्माण संस्थांच्या कमिट्यांकडे. आमच्याकडे पाळीव कुत्र्यांना लिफ्ट बंदची नोटीस लागली तेव्हा चार महिन्यांच्या जिरीला मी छातीशी धरून सहा मजले चढलो-उतरलो, कारण त्या वयात जिने चढवणं तिच्या हाडांना बरं नव्हतं. माझं वय ६४ आहे. भारतीय पशुकल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे अशी लिफ्टबंदी करता येत नाही. त्या सूचनांची प्रत मी सचिवांना दिली, तेव्हा ती नोटीस काढून टाकली. ज्या सोसायट्यांत ती अजून आहे तिथल्या सचिवांनी एवढं वाचावं.

आणि आपल्याला एक विनंती. येत्या रविवारच्या पुरवणीत त्याच जागी, तेवढ्याच ठळक अक्षरात, पिल्लाला अठरा तास झोप लागते आणि त्याचं खाणं वाडग्याऐवजी चिंध्यांत पेरावं, एवढं तरी छापावं. ज्यांनी गेल्या रविवारी नवं पिल्लू आणलं असेल त्यांच्याकडे त्या मोलाच्या आठवड्यांतले थोडेच शिल्लक असतील.

कळावे,

आपला,
एक निवृत्त पशुधन पर्यवेक्षक,
धायरी, पुणे